पण तुलना कोणाशी केली?

डिसेंबर 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, कठोरा या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. डोक्याला खाज सुटायची, मग केस ओढताच हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. जानेवारीत बाधितांचा आकडा अडीचशेच्या वर गेला. त्यात म्हातारे होते, तशा शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलीही होत्या. त्या दिवसांत मोताळ्याच्या ओपीडीत खोकल्यासाठी आलेला माणूसही जाता जाता डोक्यावरून हात फिरवून विचारायचा, ‘डॉक्टरसाहेब, तो टक्कल व्हायरस आपल्याइकडे बी येते काय?’

कारणे सांगणाऱ्यांची कमी नव्हती. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी बुरशीला. पाण्याच्या तपासणीत नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले, तेव्हा तर पुष्कळांनी निकालच लावून टाकला: पाणीच खराब. पण हा सगळा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. तिथले पाणी आजोबा-पणजोबांच्या काळापासून खारे आहे. मग केस याच डिसेंबरात का गेले? शिवाय त्याच गावात तेच पाणी पिणाऱ्या बहुसंख्य लोकांचे केस शाबूत होते. जी गोष्ट बाधित आणि न बाधित दोघांच्याही आयुष्यात सारखीच आहे, ती एकटी कारण ठरू शकत नाही. वैद्यकीय संशोधनाची अर्धी विद्या या एका वाक्यात आहे.

आरोग्य विभागाने आधी घरोघरी सर्वेक्षण केले. कोणाला झाले, कधी झाले, वय काय, गाव कोणते, याच्या नोंदी घेतल्या. हे वर्णनात्मक संशोधन. दिसायला साधे, पण याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही. मात्र त्यातून संशयित सापडतो, गुन्हा सिद्ध होत नाही. पुढे आयसीएमआरचे तज्ज्ञ आले, रक्त, केस, पाणी यांचे नमुने गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतः नमुने गोळा केले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये एक वेगळाच संशयित समोर आणला: रेशनच्या गव्हातील सेलेनियम. सेलेनियम शरीराला अगदी थोडे लागते. जास्त झाले की केस आणि नखे गळतात. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी भागात 1960 च्या दशकात असा उद्रेक झाला होता, आणि आपल्याकडे पंजाबातील होशियारपूर, नवांशहर भागातील काही जमिनींत सेलेनियम जास्त असल्याचे शेतीशास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. बावस्करांना बाधितांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कितीतरी पट वाढलेले आढळले, तर झिंक कमी.

संशय भक्कम आहे. पण इथे वाचकाने हट्टाने विचारावे: तुलना कोणाशी? बाधितांच्या रक्तात सेलेनियम वाढले, हे अर्धे उत्तर झाले. त्याच गल्लीतल्या, त्याच वयाच्या, केस न गळालेल्या शेजाऱ्याच्या रक्तात किती होते? त्याच्याही रक्तात तितकेच निघाले, तर आरोप ढिला पडतो. अशा बाधित-शेजारी जोड्या लावून केलेल्या अभ्यासाला केस-कंट्रोल स्टडी म्हणतात. उद्रेकात तो सर्वांत झटपट आणि स्वस्त. त्यात खड्डेही आहेत. ज्याचे केस गेले, तो सहा महिन्यांपूर्वीची शाम्पूची पुडीसुद्धा आठवून सांगतो. ज्याचे शाबूत आहेत, त्याला काल कोणते तेल लावले तेही आठवत नाही. म्हणून अशा ठिकाणी आठवणीपेक्षा रक्ताचा नमुना बरा. दुसरा खड्डा असा की रेशनचा गहू खाणारी घरे आणि घरचा गहू खाणारी घरे इतरही पुष्कळ बाबतींत वेगळी असतात. कमाई वेगळी, ताटातली भाजी वेगळी. तेव्हा नुसत्या गव्हाकडे बोट दाखवण्याआधी रेशनचाच गहू जास्त खाणारे आणि कमी खाणारे यांत फरक पडतो का, हे बघावे लागते.

गहू बंद केल्यावर केस परत आले, हा पुरावा नाही का? आहे, पण कच्चा. अचानक गळालेले केस अनेकदा आपोआपही उगवतात. त्या महिन्याभरात ज्याने गहू बदलला त्याला गव्हाचा गुण दिसणार, ज्याने पाणी बदलले त्याला पाण्याचा, आणि ज्याने यूट्यूबवर पाहून कांद्याचा रस चोळला त्याला कांद्याचा. आपल्या अर्ध्या घरगुती औषधांची कीर्ती अशीच झाली आहे.

निम्म्या लोकांना मुद्दाम तो गहू खाऊ घालून कोणी पाहणार नाही; ते पाप होईल. उपचाराच्या बाबतीत मात्र तसे करता येते. उदाहरण याच बावस्करांचे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे हृदय निकामी होऊन मरत. प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने ती वाचू लागली, आणि तो फरक इतका ठळक होता की आधीच्या वर्षांशी तुलना पुरेशी वाटली. पुढचा प्रश्न नाजूक होता: प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिलसही दिली तर आणखी फायदा होतो का? इथे नुसत्या डोळ्यांवर भरवसा चालत नाही. कोणाला लस द्यायची हे डॉक्टरने ठरवले, तर जास्त अत्यवस्थ रुग्णालाच ती देण्याचा मोह होतो, मग गट सारखे राहत नाहीत. म्हणून निवड चिठ्ठी टाकल्यासारखी, नशिबावर सोडतात. ही रँडमाइज्ड ट्रायल. महाडमध्ये 70 रुग्णांचे 35-35 असे दोन गट केले. प्राझोसिन सर्वांना, प्रतिलस एकाच गटाला. दहा तासांनी प्रतिलस मिळालेल्यांपैकी 32 जण पूर्ण बरे होते, दुसऱ्या गटातले फक्त 8. हा अभ्यास 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते, ही त्यातली मर्यादा. ती शीर्षकातच नमूद आहे. मर्यादा स्वतःहून सांगणारा अभ्यास मला जास्त विश्वासाचा वाटतो.

कधी चिठ्ठी माणसांची नसून गावांचीच टाकावी लागते, किंवा तीही टाकता येत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत घरोघरी पाठवून नवजात बाळांची काळजी घेतली. शेजारच्या 47 गावांत सरकारी सेवा चालू होत्याच. तिथे सर्चने फक्त जन्म-मृत्यूंची नोंद ठेवली. सेवेच्या गावांत नवजात मृत्यूदर हजारी 62 वरून तिसऱ्या वर्षी 25.5 वर आला. ती 47 गावे नसती, तर कोणीही म्हणाले असते की रस्ते झाले, पाऊस बरा झाला, म्हणून बाळे वाचली. पण तिथला दर साठच्या आसपासच राहिला. गावांची वाटणी चिठ्ठीने झाली नव्हती, हा त्यातला कच्चा दुवा. तरीही फरक एवढा मोठा होता की 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने तो छापला आणि 2011 मध्ये केंद्र सरकारने घरी जाऊन नवजात काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या मोताळा तालुक्यातल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी वजनकाटा घेऊन जाते, ती त्याच हिशेबाने.