डोळे मिटून एका पायावर

भिंतीजवळ एका पायावर उभे राहा आणि डोळे मिटा. तोल लगेच डळमळतो. डोळे, आंतरकर्ण आणि तळपाय-सांध्यांतील संवेदना यांच्या आधारे मेंदू तोल सांभाळतो. वयानुसार तिन्ही मंदावतात, स्नायूही क्षीण होतात. मग हातकणंगल्यातली एखादी आजी पहाटे ओल्या न्हाणीत घसरते, खुब्याचे हाड मोडते आणि आपण ‘वय झाले’ म्हणून मोकळे होतो! पण २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते. एकट्याने केलेला व्यायाम चार दिवसांत सुटतो, म्हणून तो देवळाच्या ओवरीत किंवा शाळेच्या पटांगणात गटाने व्हावा, असे आम्हाला वाटते. विद्यार्थ्यांनी घड्याळ घ्यावे, खुर्ची भिंतीला टेकवावी आणि आजी-आजोबा हात न टेकता ३० सेकंदांत किती वेळा उठतात ते मोजावे. आधाराला एकाने शेजारी उभे राहावे.