टर्बो लावला की गाडी पळते, पण इंजिनाचं काय? (विज्ञान-गणित पूरक पाठ)



आठवी-नववीपासूनच मुलांच्या बोलण्यात ‘टर्बो’ हा शब्द येतो. समृद्धी महामार्ग आपल्या मालेगाव, कारंजा भागातून गेल्यापासून वेगाच्या गप्पा जरा जास्तच रंगतात. मोबाईलवर व्हिडिओ बघून “जुन्या गाडीला टर्बो बसवू का?” असं विचारणारी पोरंही आहेत. त्यांना नुसतं ‘नको’ म्हणण्यापेक्षा त्यामागचं विज्ञान सांगितलेलं बरं.

टर्बो म्हणजे नेमकं काय?

आई चुलीत फुंकणीने फुंकर घालते तेव्हा लाकूड तेच असतं, पण हवा जास्त मिळाल्याने जाळ वाढतो. लोहाराचा भाताही हेच काम करतो. इंजिनात इंधन जास्त जाळायचं असेल तर हवाही जास्त लागते. टर्बोमध्ये एका दांड्यावर दोन चाकं असतात. धुराड्याकडे जाणारा गरम वायू एक चाक फिरवतो, आणि दुसरं चाक बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये ढकलतं. ही चाकं मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतात. स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं.

ओळखीचं उदाहरण: इंडिका

1998 मध्ये आलेली, पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात सिलिंडरचा व्यास 7.5 सेमी आणि पिस्टनची चाल 7.95 सेमी. मुलांना वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र वापरायला सांगा:

3.1416 × 3.75 × 3.75 × 7.95 × 4 = सुमारे 1405 घनसेमी

टर्बो नसताना हे इंजिन सुमारे 53 अश्वशक्ती देई. पुढे 2008 च्या इंडिका व्हिस्टामध्ये 1405 घनसेमीचंच टर्बो इंजिन सुमारे 70 अश्वशक्ती देऊ लागलं. घनफळ तेवढंच, ताकद जवळपास एक तृतीयांशाने जास्त!

आपल्याकडचा उन्हाळा आणि टर्बो

हवा दाबली की तापते. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, तेच इथे होतं. समजा, मे महिन्यात वाशिमला 40 अंश तापमान (313 केल्विन) आहे आणि टर्बो हवेचा दाब दीडपट करतो. टर्बोची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर हवा सुमारे 95 अंशांपर्यंत (368 केल्विन) तापते. मग हवा खरंच दीडपट मिळते का?

1.5 × 313 ÷ 368 = 1.28 पट

आता ही हवा इंटरकूलरमधून नेऊन 60 अंशांवर (333 केल्विन) आणली तर:

1.5 × 313 ÷ 333 = 1.41 पट

म्हणजे इंटरकूलर ही शोभेची वस्तू नाही.

आधी इंजिन मजबूत, मग टर्बो

खरा मुद्दा इथेच आहे. जास्त हवा, जास्त इंधन म्हणजे जास्त दाब आणि जास्त उष्णता. साध्या इंजिनाचे भाग त्या हिशेबाने बनवलेले नसतात. म्हणून इंजिन बांधताना या गोष्टी पाहाव्या लागतात:

1. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड: साध्या ओतीव पिस्टनऐवजी घडीव (फोर्ज्ड) पिस्टन जास्त ताण सोसतात.
2. कॉम्प्रेशन रेशो: पेट्रोल इंजिनात तो बहुधा कमी ठेवतात. नाहीतर मिश्रण अवेळी पेटून ‘नॉकिंग’ होतं आणि पिस्टनला भोकही पडू शकतं.
3. हेड गॅस्केट आणि बोल्ट: दाब इथूनच फुटून बाहेर पडायला बघतो.
4. इंधन: हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं. इंजेक्टर आणि ईसीयूची जुळवणी करावीच लागते.
5. ऑइल आणि रेडिएटर: टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. म्हणूनच लांब पल्ल्यावर गाडी जोरात चालवल्यावर ती लगेच बंद न करता मिनिटभर तशीच चालू ठेवतात.

यातलं एक जरी राहिलं, तरी नुकसान होतं. ब्रेक, क्लच आणि टायर जुनेच असतील तर धोका गाडीपुरता राहत नाही, आत बसलेल्यांच्या जिवावर येतो.

पालकांसाठी

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. मुलाला इंजिनांची खरंच आवड असेल तर आयटीआयचा मोटार मेकॅनिक ट्रेड किंवा डिप्लोमा हा चांगला रस्ता आहे. तिथे इंजिन खोलायलाही मिळतं आणि मोजून जोडायलाही.

वर्गात करून पाहा

सायकल पंपाचं टोक बोटाने बंद करून वीस वेळा दाबा आणि आधीचं व नंतरचं तापमान हाताला कसं लागतं ते वहीत लिहा. मग वरचं गणित 30 अंश तापमान आणि तोच 1.5 पट दाब धरून पुन्हा करायला द्या. हवा किती तापेल हे मुलांनी आधी अंदाजाने सांगावं, नंतर सोडवावं.