सीएसआरचा निधी मागायला जाण्याआधी

वर्गणीवर काम चार वर्षं रेटलं, की कार्यकर्ते म्हणतात, 'आता कंपन्यांकडे जाऊ.' मग एकच प्रस्ताव पन्नास ठिकाणी धाडला जातो आणि उत्तर कुठूनच येत नाही. चांगल्या कामाची अशी दमछाक बघवत नाही.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी, उदाहरणार्थ वर्षाला 5 कोटी रुपये निव्वळ नफा असला तरी, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात; हाच सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा निधी. आपल्या संस्थेकडे त्यासाठी प्राप्तिकर विभागाची नोंदणी आणि देणगी-सवलतीची मान्यता (1961 च्या प्राप्तिकर कायद्यातली 12ए आणि 80जी) हवी, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा आणि सीएसआर-1 अर्ज भरून मिळालेला क्रमांक हवा. हे सीएकडून करून घ्यावं.

खरी मेहनत पुढे आहे. कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा आणि त्यातलं सीएसआरचं परिशिष्ट शोधा. 2022 च्या दुरुस्तीआधी तिथल्या तक्त्यात प्रकल्प, जिल्हा, खर्चाची रक्कम आणि काम राबवणारी संस्था अशी नोंद सक्तीची होती; आता ती नसेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावरची मंजूर प्रकल्पांची यादी आणि सरकारच्या सीएसआर पोर्टलवरची खर्चाची माहिती बघा. समजा, तुम्ही मुलींसाठी अभ्यासिका चालवता. जवळच्या एमआयडीसीतली कंपनी वर्षानुवर्षं पाणलोटावरच पैसे घालत असेल, तर तिथे वेळ दवडू नका. तिने शाळांना संगणक दिले असतील, तर जरूर भेटा. रकमांवरून किती मागावं याचाही अंदाज येतो. कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो, त्यामुळे सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून करावी.

नव्या वर्षाचा आराखडा संचालक मंडळ मंजूर करतं. तेव्हा मार्च उजाडायची वाट न बघता दिवाळीनंतरच गाठीभेटी सुरू कराव्यात.

अंदाजपत्रकात मानधन लपवू नका, हे मला कळकळीने सांगायचं आहे. प्रशासकीय खर्चाची 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागासाठी आहे. अभ्यासिका सांभाळणाऱ्या ताईचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च आहे. तिच्याशिवाय तिथे नुसती टेबलं-खुर्च्या उरतील. कंपनीला हे समोर बसून, आकडे दाखवून समजावता येतं.

पैसे आले की त्या प्रकल्पाचा हिशेब वेगळा ठेवा. मंजूर कामावरच खर्च झाल्याची खातरजमा संचालक मंडळाला करावी लागते आणि कंपनीच्या वित्त अधिकाऱ्याला तसा दाखला द्यावा लागतो. पावत्या आणि उपयोगिता प्रमाणपत्र त्यांच्याकडे मागायच्या आत पोहोचलं, तर दुसऱ्या वर्षाची बोलणी तिथूनच सुरू होऊ शकतात.