ऑटोमॅटिक गाडी स्लिप होतेय का? गॅरेजला जाण्याआधी मोबाईलवर असं तपासा

गेल्या पावसाळ्यात सुट्टीला रत्नागिरीला घरी गेलो होतो. काकूंना तपासणीसाठी दर महिन्याला कोल्हापूरला न्यावं लागतं. हातखंबा, पाली, साखरपा आणि मग आंबा घाट, हा नेहमीचा रस्ता. गाडी काकांची, सात वर्षं जुनी छोटी ऑटोमॅटिक. घाट सुरू झाला आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणानंतर काका म्हणाले, "अरे, रेस देतोय तर नुसता आवाज वाढतोय. गाडी ओढतच नाही."

मागे ट्रकची रांग, समोर धुकं आणि गाडीत जळका वास. कसेबसे वर पोचलो.

दोन दिवसांनी काकांनी गाडी एका गॅरेजला दाखवली. पाच मिनिटं चालवून उत्तर मिळालं: "गिअरबॉक्स गेला. साठ-सत्तर हजार धरून चला." काका गाडी विकायलाच निघाले होते. मी म्हटलं, "काका, दोन दिवस थांबा. आधी मोजून बघू."

मी मेकॅनिक नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण आमच्या कामात एक सवय लागते: लॉग बघितल्याशिवाय कोणाला दोष द्यायचा नाही. गाडीचा लॉगही मोबाईलवर बघता येतो. कसा, ते आज बघूया.

स्लिप म्हणजे नक्की काय?

सायकल आठवा. चेन आणि गिअर तेच असतील, तर पेडलची एक फेरी म्हणजे चाकाच्या ठरावीक फेऱ्या. चेन घसरली तर पाय जोरात फिरतात, सायकल मात्र जागच्या जागी.

गाडीत पेडलच्या जागी इंजिन. इंजिन मिनिटाला किती फेऱ्या मारतं तो आकडा म्हणजे आरपीएम. गाडी एका गिअरमध्ये असेल आणि क्लच पूर्ण धरलेला असेल, तर आरपीएम आणि स्पीडचं गुणोत्तर बदलत नाही. स्पीड दुप्पट तर आरपीएम दुप्पट. गिअर तोच असताना आरपीएम वर पळाला आणि स्पीड तिथेच राहिला, तर मधे काहीतरी घसरतंय. यालाच स्लिप म्हणतात.

म्हणजे करायचं काय, तर एक साधा भागाकार: आरपीएम ÷ स्पीड.

आधी बघा, तुमची ऑटोमॅटिक कोणत्या प्रकारची?

हे न बघता टेस्ट केली तर चांगल्या गाडीलाही आजारी ठरवाल.

* एएमटी: आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पायाऐवजी एक यंत्रणा करते, तिला ॲक्च्युएटर म्हणतात. २०१४ मध्ये मारुती सुझुकी सेलेरिओबरोबर ही आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत आली आणि स्वस्त असल्यामुळे पटकन पसरली. गुणोत्तराची टेस्ट हिला बरोबर लागू पडते. काकांची गाडी हीच.
* डीसीटी: यात दोन क्लच असतात. टेस्ट लागू पडते.
* टॉर्क कन्व्हर्टर: इथे इंजिनची ताकद तेलातून पुढे जाते, त्यामुळे गाडी उठताना आणि जोरात रेस दिल्यावर थोडी स्लिप ही नॉर्मल गोष्ट आहे. एका स्पीडला स्थिर चालताना आतला लॉक लागतो. टेस्ट तेव्हाच करायची.
* सीव्हीटी: हिला ठरावीक गिअरच नसतात. पट्टा किंवा चेन पुलींवर सरकत गुणोत्तर सतत बदलत राहतं. रेस दिल्यावर आधी आवाज वाढणं आणि स्पीड मागून येणं हा तिचा स्वभाव आहे. इथे हा भागाकार उपयोगाचा नाही. एकसारख्या रेसवर आरपीएम अचानक उसळत असेल किंवा गाडी थरथरत असेल, तर मात्र दाखवून घ्या.

प्रकार माहीत नसेल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेला असतो.

काय लागेल?

१. ओबीडी डोंगल. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. साधारण २०१३ नंतरच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत ते मिळेल. त्यात बसणारं ईएलएम३२७ प्रकारचं ब्लूटूथ डोंगल ऑनलाइन काही शे रुपयांत येतं. आयफोन असेल तर घेताना नीट बघा, साधी ब्लूटूथवाली डोंगल्स आयफोनला जोडली जात नाहीत. वाय-फाय किंवा ब्लूटूथ एलई लिहिलेलं घ्या.

२. ॲप. टॉर्क किंवा कार स्कॅनर. आरपीएम आणि स्पीड रेकॉर्ड करता आले की झालं.

३. शेजारी बसणारा दुसरा माणूस. ही गंमत नाही. चालवताना स्क्रीनकडे बघायचं नाही. रेकॉर्डिंग चालू करा, मोबाईल शेजारच्याच्या हातात द्या आणि आकडे घरी येऊन बघा.

काम झालं की डोंगल काढून ठेवा. लावून ठेवलं तर उभ्या गाडीची बॅटरी थोडी थोडी खात राहतं.

टेस्ट कशी करायची?

१. गाडी वीसेक मिनिटं चालवून गरम होऊ द्या. थंड असताना स्लिप लपू शकते.

२. रिकामा, कोरडा आणि शक्य तितका सपाट रस्ता घ्या. (रत्नागिरीत सपाट रस्ता शोधणं हीच मोठी टेस्ट आहे.)

३. लिव्हर मॅन्युअल मोडला टाका आणि तिसरा गिअर धरा. डी मध्ये गिअर आपोआप बदलतात आणि आकड्यांची खिचडी होते.

४. एका स्पीडला सात-आठ सेकंद स्थिर चालवा. मग दुसऱ्या स्पीडला तसंच.

५. आता हलक्या चढावर, त्याच गिअरमध्ये, हळूहळू रेस वाढवा. मीटरवरचा गिअरचा आकडा बदलला तर ते रीडिंग सोडून द्या. पूर्ण रेस दिल्यावर काही गाड्या स्वतःहून खालचा गिअर टाकतात.

एकट्या-दुकट्या रीडिंगवर जाऊ नका. स्वस्त डोंगल आरपीएम आणि स्पीड एकाच क्षणी वाचत नाही, आधी एक, मग दुसरा. त्यामुळे स्पीड झपाट्याने बदलत असताना भागाकार चुकतो. तीन-चार सेकंद टिकणारा फरकच खरा धरा.

आमच्या गाडीचे आकडे

तिसरा गिअर, सपाट रस्ता:
४० चा स्पीड, १,९५० आरपीएम. भागाकार ४८.८.
५० चा स्पीड, २,४३० आरपीएम. भागाकार ४८.६.

तिसरा गिअर, चढ, जास्त रेस:
३८ चा स्पीड, २,५०० आरपीएम. भागाकार ६५.८.

गिअर तोच, रस्ता कोरडा, आणि गुणोत्तर ४८ वरून थेट ६५ वर. इंजिनच्या फेऱ्यांपैकी साधारण चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतच नव्हता. तो उष्णता होऊन क्लचमध्ये जळत होता. घाटातला तो वास याचाच.

उलट, चढावर गाडी ओढत नाही पण गुणोत्तर ४८ च्या आसपासच राहिलं असतं, तर दोष इंजिनकडे गेला असता: एअर फिल्टर, स्पार्क प्लग, इंधन. किंवा ब्रेक चिकटलेले असते. ड्रायव्हरला त्रास सारखाच जाणवतो, पण आजार वेगळा असतो.

स्लिप आहे, म्हणजे गिअरबॉक्सच गेला का?

नाही. इथेच पैसे वाया जातात. स्वस्त कारणापासून महागाकडे जा.

* एएमटी: आधी क्लचचं कॅलिब्रेशन. क्लच कुठे धरतो हे कंप्युटर शिकून ठेवतो. ते स्कॅनरने पुन्हा शिकवता येतं आणि त्यासाठी काही खोलावं लागत नाही. मग ॲक्च्युएटर, आणि तो हायड्रॉलिक असेल तर त्याच्या तेलाची पातळी. मग क्लच प्लेटची झीज, किंवा सील गळून प्लेटवर आलेलं तेल. आतले गिअर बहुतेक वेळा ठणठणीत असतात.
* टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी: आधी तेल. पातळी कमी आहे का, रंग काळपट झालाय का, जळका वास येतोय का. कंपनीने सांगितलेलंच तेल टाका, सीव्हीटीत तर नक्कीच.
* पुरात गेलेली गाडी: २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. गिअरबॉक्समध्ये पाणी शिरलं की तेल दुधाच्या चहासारखं दिसतं. सेकंडहँड ऑटोमॅटिक घेताना हे तेल बघायला विसरू नका.

ॲपमध्ये फॉल्ट कोडही दिसू शकतात. पी०७०० म्हणजे गिअरबॉक्सच्या कंप्युटरने तक्रार नोंदवली आहे. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर चुकतंय. पी०८११ म्हणजे क्लच जास्त स्लिप होतोय. पी०७४१ म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक नीट लागत नाही. पी०२१८ म्हणजे गिअरबॉक्सचं तेल तापलंय. स्वस्त डोंगलला गिअरबॉक्सच्या कंप्युटरमधले सगळे कोड वाचता येत नाहीत, त्यामुळे "कोड नाही" म्हणजे "दोष नाही" असं समजू नका. आणि कोड पुसायचं बटण दाबू नका. तो तुमचा पुरावा आहे.

घाटात स्लिप झाली तर?

रेस वाढवत राहू नका, क्लच आणखी जळेल. हझार्ड लाइट लावा, वळण सोडून सुरक्षित जागी थांबा आणि अर्धा तास गाडी थंड होऊ द्या. त्यानंतरही तसंच होत असेल तर टोइंग बोलवा. उतारावर लक्षात ठेवा, क्लच घसरत असेल तर इंजिन ब्रेकिंगवर भरवसा ठेवता येत नाही.

मग काकांच्या गाडीचं काय झालं?

आकड्यांचा स्क्रीनशॉट घेऊन आम्ही दुसऱ्या गॅरेजला गेलो. "गिअरबॉक्स बघा" असं न म्हणता मी विचारलं, "तिसऱ्या गिअरला लोडवर क्लच स्लिप होतोय. आधी कॅलिब्रेशन करून बघाल का?" मेस्त्रींनी स्क्रीन बघितली आणि बोलणंच बदललं. कॅलिब्रेशनने फरक पडला नाही. मग क्लच खोलला. प्लेट पार झिजलेली, तेलाचा थेंब नाही, गिअर चांगले. क्लच सेट बदलून बिल पहिल्या अंदाजाच्या एक तृतीयांशाच्या आत आलं.

प्लेट एवढी का झिजली? मेस्त्रींनी काकांना एकच प्रश्न विचारला: "चढावर ट्रॅफिकमध्ये थांबताना ब्रेक दाबता, की रेसवर गाडी धरून ठेवता?" काका गप्प. ऑटोमॅटिक आहे म्हणजे चालतं, असं त्यांना वाटायचं. एएमटीत तसं केलं की क्लच अर्धवट धरलेला राहतो आणि सतत घासतो. चढावर थांबायचं ते ब्रेकवर, जास्त वेळ असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक.

परत त्याच चढावर टेस्ट केली. भागाकार ४८.५. पुढच्या महिन्यात काकूंना घेऊन काका एकटेच कोल्हापूरला गेले. आंबा घाट चढून वर पोचल्यावर फोन आला: "ओढतेय रे गाडी."