घरचा संगणक, लेखांक सातवा : पावसाळा आणि कोरा पडदा

आषाढ लागून पंचगंगेचे पाणी चढू लागले आणि जुन्या पेठांतील भिंतींना ओल धरली, की कोल्हापुरातील संगणक-दुरुस्तीच्या दुकानांत एकच तक्रार वारंवार कानी पडते : बटण दाबले असता पंखा फिरतो, दिवाही लागतो, परंतु ‘डिस्प्ले येत नाही’. अशा वेळी मदरबोर्डच जळाला असावा असे गृहीत धरून तातडीने नव्या यंत्राची चौकशी करणारी सुशिक्षित माणसे पाहिली, म्हणजे फार हळहळ वाटते. कारण यंत्राचा दोष बाहेरून आत शोधीत जावयाचा असतो, आणि ज्या क्रमाने तपास केला असता पदरचा पैसा वाचतो, तोच क्रम बहुधा कोणी पाळीत नाही.

प्रथम मॉनिटरचा स्वतःचा दिवा लागला आहे ना, त्याची केबल दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे ना, एवढी खातरजमा करावी. त्यानंतर संशय घ्यावयाचा तो रॅमवर. दमट हवेत धूळ ओलसर होऊन रॅमच्या पट्टीवरील सोनेरी मुलाम्यावर तिचा सूक्ष्म थर बसतो, विद्युत्संदेश अडखळतात, आणि स्मृती न गवसलेले यंत्र पडद्यावर काहीही न उमटविता नुसते घरघरत राहते. याचा उपाय घरच्या घरी होण्याजोगा आहे. प्लग काढून घ्यावा, मग सुरू करावयाचे बटण काही क्षण दाबून धरावे, म्हणजे आत साठून राहिलेली बरीचशी वीज ओसरते. कॅबिनेटच्या बिनरंगाच्या पत्र्याला हात लावून अंगातील स्थिर विद्युत् उतरवावी. आणि टोकांचे खटके दाबून, केवळ कडांना धरून, पट्टी बाहेर काढून तिची सोनेरी बाजू कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी. दुकानांतून यासाठी खोडरबर वापरण्याचा सर्रास रिवाज आहे. त्यास माझी हरकत नाही. मात्र तो हलक्या हाताने आणि कॅबिनेटपासून दूर फिरवावा, कारण जोराने घासल्यास मुळात पातळ असलेला मुलामाच निघून जातो. दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून पाहावी, म्हणजे सदोष कोणती याचा निकाल लागतो.

पडदा उजळला, पण तारीख कित्येक वर्षे मागे गेली आणि बँकेचे संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडेना, तर मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही ३ व्होल्टची गोल बॅटरी संपली असे समजावे. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते, ती चुकीच्या तारखेशी जुळत नाही.

ओल आणि पूर यांत मात्र गल्लत करू नये. २०१९च्या ऑगस्टात व पुन्हा २०२१च्या जुलैत पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील पातळी ५५ फुटांपलीकडे गेली, शाहूपुरी, नागाळा पार्क या भागांतील कित्येक तळमजले पाण्यात राहिले. पुरात सापडलेले यंत्र उन्हात वाळवून ‘चालते का पाहू’ म्हणून सुरू करणे, हा त्यातील दस्तऐवजांचा घात होय. हार्डडिस्कची तबकडी आणि तिच्यावरून सरकणारे शीर्ष यांत केसाच्या जाडीच्याही कितीतरी पट कमी अंतर असते, आणि गाळाचा कण त्यात शिरल्यावर वीज देणे म्हणजे ती तबकडी खरवडून काढणे. महत्त्वाचा मजकूर असल्यास डिस्क बंद अवस्थेतच जाणकाराच्या स्वाधीन करावी. बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सबब नदीकाठच्या भागांत राहणाऱ्यांनी पहिला आकडा ऐकताच कागदपत्रांची प्रत बाह्य ड्राइव्हवर उतरवून घ्यावी, आणि कॅबिनेट माडीवर नेण्याची तजवीज दुसऱ्या आकड्याची वाट न पाहता करावी.