'स्टेशन' शब्दाचे गोत्र

'स्टेशन' हा शब्द इंग्रजी आहे, हे कोणीही सांगेल. हुबळी-धारवाडात तर त्याचा वावर जुना. १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीचे मुख्य कार्यालय धारवाडास होते. आणि २०२३ साली हुबळीच्या स्टेशनात सुरू झालेला १,५०७ मीटरांचा फलाट जगात सर्वांत लांब म्हणून नोंदला गेला. तथापि, हा शब्द आपल्याला खरोखर किती परका आहे, हे एकदा तपासून पाहण्याजोगे आहे.

इंग्रजीने तो जुन्या फ्रेंच भाषेतून उचलला आणि फ्रेंचने लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'स्तारे' म्हणजे उभे राहणे. त्यावरून 'स्तातिओ' म्हणजे उभे राहण्याची जागा, पहाऱ्याची चौकी, गलबते नांगरण्याचे ठिकाण. इंग्रजीत पुढे माणसाचा समाजातील दर्जा आणि सैन्याचा तळ असेही अर्थ त्यास चिकटले. आगगाडी आल्यावर ती थांबण्याची जागा 'स्टेशन' झाली. मग पोलीस आले, रेडिओ आला. वह्या-दौतींची 'स्टेशनरी'देखील याच कुळातील. मध्ययुगीन युरोपात फेरी न करता विद्यापीठाजवळ एके जागी दुकान थाटणारा ग्रंथविक्रेता तो 'स्टेशनर', आणि त्याच्याकडील माल ती 'स्टेशनरी'.

आता आपल्या घरात पाहू. लॅटिनमधील 'स्तारे' आणि संस्कृतातील 'स्था' हे धातू एकाच प्राचीन मुळाचे, असे भाषाशास्त्र सांगते. 'स्थान'चे प्राकृतात 'ठाण' झाले आणि मराठीत 'ठाण', 'ठाणे'. आपण 'ठाण मांडून बसतो' ते याच धातूच्या आधाराने. मराठेशाहीतील लष्करी ठाणे आणि रोमन शिपायांची 'स्तातिओ' यांचा अर्थही जवळजवळ एकच. ठाणे शहराचे नाव शिलाहारांच्या लेखांत 'श्रीस्थानक' असे येते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली प्रवासी गाडी तेथेच पोहोचली. म्हणजे 'ठाणे स्टेशन' म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो!

परंतु खरी गंमत कानडीत आहे. कानडीत स्टेशनला 'निल्दाण' म्हणतात. यातील 'निल्' हा द्राविडी धातू. अर्थ तोच, थांबणे, उभे राहणे. संस्कृताशी वा लॅटिनशी त्याचे काहीच नाते नाही. मात्र पुढचे 'दाण' हे मूळचे 'ताण'. समासात 'त'चा 'द' झाला आहे. आणि 'ताण' हे 'स्थान' शब्दाचेच कानडी रूप! पोलिसांच्या चौकीला तर कानडी माणूसही आपल्यासारखाच 'ठाणे' म्हणतो.

सीमाभागात भाषेवरून आणि पाट्यांवरून पुष्कळ कटुता झाली आहे. अमुक शब्द आमचा, अमुक परका, असे तेथे सहज म्हटले जाते. 'निल्दाण' या एका शब्दात मात्र दोन भिन्न भाषाकुळे शतकानुशतके शेजारी नांदत आली आहेत, आणि त्याच्या पलीकडे इंग्रजी 'स्टेशन'ही दूरचा आप्त म्हणून उभे आहे. शब्दाला परका ठरविण्यापूर्वी त्याचे गोत्र विचारण्याची सवय आपण लावून घेतली, तर शेजारची पाटीही आपल्याला पुष्कळशी आपली वाटू लागेल.