जखमी माणसाकडे पाहावे कसे?

रुग्णशुश्रूषा म्हणजे उशाशी बसणे, कपाळावर हात ठेवणे, वेळच्या वेळी औषध देणे, अशी आपल्या घराघरांतून समजूत असते. ती खोटी नव्हे. पण अपुरी आहे. शुश्रूषेचा आरंभ पाहण्यापासून होतो. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धातील जखमी सैनिकांची सेवा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये परिचर्येवर जे पुस्तक लिहिले, त्यात रुग्णाच्या निरीक्षणाला एक स्वतंत्र प्रकरणच दिले आहे. आपल्या शाळेतील काही मुली, आणि आता काही मुलगेही, दरवर्षी परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळतात. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठीही, ही चार पाने.

मी स्वतः हे शिकले ते एका चुकीतून. शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी एका रात्री उलटलेल्या टेंपोतील दोघे जखमी अपघात-विभागात आले. एकाचा पाय मोडला होता आणि त्याच्या आक्रोशाने सारा वॉर्ड जागा झाला होता. दुसरा विशीतला तरुण गप्प पडून होता; अंगावर रक्ताचा थेंब नव्हता. त्याचा रक्तदाब मी एकदा घेतला, तो ठीक वाटला, आणि मी ओरडणाऱ्याकडे धावले. मध्यंतरी त्या तरुणाने दोनदा पाणी मागितले. मी दोन घोट पाजलेही. थोड्या वेळाने वडीलधाऱ्या सिस्टर आल्या. त्यांनी आधी गप्प पडलेल्याच्या मनगटावर बोटे ठेवली. हात थंडगार, नाडी मिनिटाला १३०. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फाटून पोटात रक्तस्राव चालू होता. शस्त्रक्रिया झाली, मुलगा वाचला. सिस्टरांनी मला इतकेच विचारले, "त्याची नाडी तू केव्हा पाहिली होतीस?" मला उत्तर देता आले नाही.

जो ओरडतो त्याचा श्वासमार्ग मोकळा असतो, छातीत हवा जात असते आणि मेंदूला रक्त पोचत असते. गप्प असलेल्याविषयी यांपैकी काहीच गृहीत धरता येत नाही. म्हणून जखमीची तपासणी आवाजावरून नव्हे, तर ठरलेल्या क्रमाने करावयाची असते.

या क्रमामागे एका कुटुंबाची शोककथा आहे. अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सक जेम्स स्टायनर १९७६ साली स्वतःचे लहान विमान चालवीत असता ते नेब्रास्का राज्यातील एका शेतात कोसळले. पत्नी मरण पावली. चार मुलांपैकी तिघे गंभीर जखमी झाले. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मिळालेल्या उपचारांपेक्षा, शेतात मोजक्या साधनांनी आपण केलेली देखभाल बरी होती, असे त्यांना दिसून आले. दोष एखाद्या व्यक्तीचा नव्हता. प्रथम काय पाहावे हेच कोणी शिकविलेले नव्हते. त्यांच्या खटपटीतून १९७८ मध्ये पहिला अभ्यासवर्ग भरला, १९८० मध्ये अमेरिकेच्या शल्यचिकित्सक महाविद्यालयाने तो स्वीकारला, आणि आज जगभर तो शिकविला जातो.

क्रम असा: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, चेतना आणि अखेरीस सर्वांग उघडून पाहणे. बाहेर भळाभळा रक्त वाहत असेल, तर मात्र ते दाबून धरणे या सर्वांच्याही आधी. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून मार्ग बंद होऊ शकतो. तेव्हा खालचा जबडा पुढे उचलतात, पण मान वाकवीत नाहीत, कारण मणक्याला इजा असू शकते. श्वास पूर्ण मिनिटभर मोजावा. मोठ्या माणसात तो १२ ते २० असतो. छातीच्या दोन्ही बाजू सारख्या उचलतात की नाही, हेही पाहावे.

रक्ताचे गणित जरा सावकाश समजून घ्या. पन्नास किलो वजनाच्या माणसात सुमारे साडेतीन लिटर रक्त असते. त्यातील अर्धा लिटर गेले तरी वरून फारसे कळत नाही. आणखी गेले की हृदय वेगाने धावू लागते, कातडीच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हातपाय गार पडतात, तहान लागते. या धडपडीमुळे रक्तदाब बराच काळ टिकून राहतो. जवळजवळ तिसरा हिस्सा रक्त गेल्यावर तो घसरतो, आणि तरुणांत तर अधिकच उशिरा. मी फसले ती इथे. आणि ते पाणी? आपल्याकडे जखमीला प्रथम पाणी पाजतात. हेतू चांगला, पण कृती घातक. भूल देताना पोटातील पाणी उलटून फुप्फुसात जाऊ शकते. ओठ ओले करावेत, एवढेच.

चेतना मोजण्याची रीत ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनी १९७४ मध्ये सांगितली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना गुण द्यावयाचे. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. आठ वा त्याहून कमी असल्यास रुग्णाला स्वतःचा श्वासमार्ग सांभाळता येईल याचा भरवसा नसतो. मग कपडे कापून पाठीसह सर्व अंग पाहावे आणि लगेच पांघरूण घालावे. गारठ्याने रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. आपल्या बायकांना परक्यांसमोर अंग उघडे पडण्याचा संकोच फार. तेव्हा आधी पडदा ओढावा, काय करीत आहोत ते सांगावे. रुग्ण बेशुद्ध असला तरीही सांगावे.

हे सारे एकदा करून भागत नाही. नाडी ९० हा नुसता आकडा आहे. ९०, मग १०४, मग ११८ ही बातमी आहे. म्हणून तक्त्यावर वेळेसह नोंद हवी.

रस्त्यावर अपघात दिसल्यास १०८ किंवा ११२ क्रमांक फिरवावा, जखम स्वच्छ कापडाने दाबून धरावी, आणि कापड उचलून उचलून पाहू नये. पोलिसांच्या भीतीने पुष्कळजण पुढे होत नाहीत. पण २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे, आणि त्याला स्वतःचे नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

सराव मात्र धडधाकट माणसांवरच होतो. मधल्या सुटीत शेजाऱ्याची नाडी अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटांनी शोधा. आपला अंगठा वापरू नका, त्यातलीच नाडी लागते. मग त्याला मैदानाची एक फेरी मारून येऊ द्या आणि पुन्हा मोजा.